पांढरं दिसतं ते जिवंत

१

नोव्हेंबर लागला की उत्तरेकडच्या त्या थंड मुलखात दुपारचं जेवण जिरायच्या आत अंधार पडतो, आणि रानडुकरांचा दिवस तेव्हा उजाडतो. गावच्या शिकारी मंडळाकडे मक्याची आणि बटाट्याची शेतं राखायचं काम. मंडळातल्या सगळ्यांनी एकेक करून रात्रीच्या दुर्बिणी घेतल्या, पण झेनोन अजून वडलांच्या वेळच्या साध्या दुर्बिणीला डोळा लावून चांदण्यात डुक्कर हेरत बसायचा. चांदणं नसलं की घरी. पैसे काढायची वेळ आली की दाजींच्या हाताला लकवा मारतो, असं त्याचा मेहुणा बोगुश चारचौघांत म्हणायचा, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

मग त्या वर्षी शेजारच्या तालुक्यात एका शिकाऱ्यानं सफरचंदाच्या बागेत वाकलेल्या माणसाला डुक्कर समजून गोळी घातली. ती बातमी ऐकल्यापासून झेनोनची झोप उडाली. त्याची बायको वांदा रोज चालायला जायची. डॉक्टरांनी साखरेसाठी सांगितलेलं. दोन्ही हातांत काठ्या घेऊन जंगलाच्या कडेनं पलीकडच्या वस्तीवर मावशीकडे जायचं, कॉफी प्यायची, गप्पा हाणायच्या आणि अंधार पडता पडता परत यायचं. ती वाट मक्याच्या शेताला लागूनच होती, म्हणजे झेनोनच्याच मचाणासमोरून. साठी उलटलेली, डोळे पूर्वीसारखे राहिलेले नाहीत, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. एखाद्या दिवशी आपल्याच हातून काही झालं तर? चाळीस वर्षं झाली होती लग्नाला. मूलबाळ नाही. वांदा हेच काय ते त्याचं घर.

शेवटी तो तालुक्याला इवोनाच्या दुकानात गेला. बंदुका, गळ, रबरी बूट, सगळं तिच्याकडे. तिनं दोन प्रकार पुढे ठेवले. पहिली दुर्बीण स्वस्त, तिला स्वतःचा अदृश्य दिवा, त्यात माणसाचं तोंडसुद्धा ओळखू येतं. पण झाडोरा मधे आला की नुसती पानं उजळतात, आणि धुक्यात काही उपयोग नाही. दुसरी थर्मल. ती उजेड बघतच नाही, ऊब बघते. गरम ते पांढरं, गार ते काळं. तोंड ओळखू येत नाही, पण झुडपाआड निजलेला ससाही लपत नाही.

नव्या थर्मलची किंमत ऐकून झेनोन दारापर्यंत गेला होता. इवोनानं मागून हाक मारून एक वापरलेली काढून दिली, दोन हजार झ्लॉटींना. चित्र जरा भरड होतं, पण चालत होती. शिकारीला तीच आणि वांदाला अंधारात वाट बघायलाही तीच, असा हिशोब करून त्यानं ती घेतली. कुणाची होती असं त्यानं विचारलं, तर इवोनाला आठवेना.

२

त्याच संध्याकाळी बोगुश आलुबुखाराची दारू घेऊन हजर. वांदानं बटाट्याची धिरडी टाकली होती. स्वयंपाकघरातला दिवा मालवून तिघांनी लहान पोरांसारखा खेळ मांडला. थर्मलमधून सगळंच मजेशीर दिसत होतं. वांदा अनवाणी चालली की तिच्या पावलांचे पांढरे ठसे फरशीवर उमटायचे आणि हळूहळू विझायचे. भिंतीला हात टेकला की पंजा राहायचा. झेनोननं बाहेर जायचं, दोघांनी कुठंतरी बसून उठायचं, आणि झेनोननं आत येऊन कोण कुठं बसलं होतं ते सांगायचं. बोगुशची जागा ओळखायला दुर्बीण लागत नाही, तिथलं लाकूडच वाकलेलं असतं, असं वांदा म्हणाली आणि बोगुश तोंडातल्या घासासकट हसला.

तिसऱ्या वेळी झेनोन आत आला तेव्हा दोन खुर्च्यांवर दोन पांढरे डाग होते, आणि खिडकीखालच्या बाकावर तिसरा.

"लबाडी करता काय? एकानं दोनदा बसायचं नाही," तो म्हणाला.

बाकावर कुणी गेलंच नव्हतं, असं दोघांचंही म्हणणं. बोगुशनं चुलीची धग असेल म्हणून सांगून टाकलं. चूल समोरच्या भिंतीला होती. झेनोन बघत राहिला. खुर्च्यांवरचे डाग राखाडी झाले, मग काळ्यात मिसळले. बाकावरचा तसाच होता. त्यानं दिवा लावला आणि बाकावर हात ठेवला. लाकूड कोमट होतं, नुकतंच कुणीतरी उठून गेल्यासारखं.

स्वस्तातला माल, दुसरं काय, असं म्हणून त्यानं स्वतःचीच समजूत घातली.

३

दोन दिवसांनी झेनोन आणि बोगुश दोघांनी मचाणावरून एक तरणं डुक्कर पाडलं. खाली उतरून रीतीप्रमाणे बोगुशनं फरच्या झाडाची एक डहाळी मोडली आणि जनावराच्या जबड्यात ठेवली. तो त्याचा शेवटचा घास. दोघं टोप्या काढून क्षणभर उभे राहिले. मग बोगुशनं झेनोनला थर्मल लावायला सांगितलं. ही विद्या मंडळात प्रत्येक नव्याला शिकवतात.

"बघा दाजी. आधी कान जातात. मग खूर, मग पाय. पोट शेवटी. रात्री जखमी जनावराच्या मागावर गेलात तर एवढंच ध्यानात ठेवा. पांढरं दिसतं ते जिवंत, तिथं जपून. राखाडी पडलं की घाई नाही, ते आता कुठं पळत नाही."

झेनोन बघत होता. कान खरंच मावळले होते. त्याला ते बघवेना, पण दुर्बीण काही डोळ्यावरून निघाली नाही.

डुक्कर गाडीत घालून झाल्यावर आठवलं, चहाचा थर्मास वरच राहिला. झेनोन एकटा मचाणाकडे परत गेला. शिडीजवळ आल्यावर त्यानं सहज थर्मल वर केली. शिडीच्या दांड्यांवर हातांचे ठसे होते, पांढरे, बोटं न् बोटं मोजता यावीत असे. लाकूड ऊब धरून ठेवतं, त्यानं मनाशी म्हटलं. आपणच तर चढलो-उतरलो.

मग त्याला आपल्या हातांत जाड लोकरी मोजे दिसले. दोघांनीही ते संध्याकाळपासून काढले नव्हते, आणि मोज्यांचा ठसा उमटत नाही. शिवाय हे पंजे लहान होते. वर जाणारे होते, खाली येणारे नव्हते.

थर्मास तिथंच राहिला. बोगुशला त्यानं सांगितलं की सापडला नाही.

४

वांदाला थंडी वाजायला लागली ती त्याच आठवड्यात. आधी ती पायमोजे घालून निजू लागली, मग झेनोनचा स्वेटर, मग त्यावर शाल. चूल रसरसलेली असायची आणि ही हात चोळत बसलेली. डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या. वय झालं, आणखी काय, म्हणून ती हसण्यावारी न्यायची.

झेनोननं एकदा तिच्याकडे थर्मल लावली. नको होतं ते, त्यालाही कळत होतं. वांदा पलंगाच्या कडेला बसून केस विंचरत होती, आणि ती राखाडी दिसत होती. कानांच्या पाळ्या जवळजवळ काळ्या. बोटांची टोकंही.

त्यानं दुर्बीण झटकन खाली घेतली. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच त्यानं इवोनाला फोन लावला आणि यंत्र बिघडलंय म्हणून भांडायला लागला. ती शांतपणे ऐकून घेत होती.

"बिघडलं नाही, झेनोनराव. ते यंत्र असंच चालतं. समोर जे काही दिसतं त्यातलं सगळ्यात गरम जे असेल, त्याला ते पांढरं रंगवतं. बाकीच्यांना त्या मानानं उरलेला रंग. वहिनी राखाडी दिसत असतील तर त्यांच्याहून गरम काहीतरी चित्रात असणार. चूल, दिवा, इस्त्री. नीट बघा."

त्याला एकदम हलकं वाटलं. एवढंच ना. पण फोन ठेवता ठेवता त्याच्या लक्षात आलं, निजायच्या खोलीत ना चूल, ना इस्त्री. दिवाही तेव्हा बंद होता.

त्या संध्याकाळी वांदा लवकर पडली. झेनोन दाराशी उभा राहिला आणि थर्मल अगदी सावकाश फिरवू लागला. नुसता पलंग दिसत होता तेव्हा वांदा पांढरी होती, चांगली उजळ. त्यानं हायसं वाटून श्वास सोडला. मग दुर्बीण थोडी उजवीकडे नेली, कपाटाच्या बाजूला. वांदा राखाडी झाली. डावीकडे आणली, पुन्हा पांढरी. उजवीकडे, राखाडी. चार-पाचदा त्यानं हेच केलं. चित्राच्या उजव्या कडेला, कपाटाच्या आड, काहीतरी होतं.

आता मागं फिरावं की पुढं जावं, हेच त्याला समजेना. स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच बायकोच्या खोलीत आपण चोरासारखे उभे आहोत याची त्याला लाजही वाटली. त्यानं दात आवळले आणि दुर्बीण झटक्यात उजवीकडे फिरवली.

कपाटामागं कुणी नव्हतं. भिंतीवर फक्त एक उभा पांढरा डाग होता, पाठ टेकून बराच वेळ कुणी उभं राहावं तसा. खांदे कळत होते. डोकं झेनोनच्या हनुवटीपर्यंत येत होतं. वांदाची उंची तेवढीच होती.

झोपेत वांदा कण्हली आणि तिनं पांघरूण आणखी ओढून घेतलं.

५

त्यानं थर्मल कपड्यात गुंडाळून कपाटात वर टाकली. त्यानं काय होणार होतं? वांदाचे हात दिवसेंदिवस गार पडत होते. रात्री तिचा तळवा आपल्या दोन्ही हातांत धरून तो जागा राहायचा, आणि ऊब काही टिकायची नाही. आपण ही वस्तू घरात आणली, एवढं एकच त्याच्या डोक्यात घुमायचं. वेड लागलंय आपल्याला, असंही वाटायचं, आणि तसं असतं तर बरं झालं असतं.

थोडे दिवस फिरायला जाऊ नकोस, असं त्यानं वांदाला विनवलं. वांदा चिडली. मावशी तापानं पडलीय, तिला सूप कोण नेऊन देणार? मग बुटाची नाडी बांधता बांधता ती सहज म्हणाली, "मी एकदा नेलं होतं तुझं ते खेळणं. वाटेवर पावलं दिसली मला त्यात. पांढरी. आपल्या घराकडे येत होती." ती जरा थांबली. "माझी असतील म्हणून मी शेजारी पाऊल टेकवून बघितलं. माप माझंच होतं. पण मी तर तेव्हा मावशीकडे चालले होते."

झेनोन गाडीनं सोडतो म्हणाला तर तिनं ऐकलं नाही. सकाळी साखर तपासली होती, आकडा बघून तिचंच तोंड उतरलं होतं. चालल्याशिवाय गत्यंतर नाही म्हणाली आणि काठ्या घेऊन निघाली.

तिच्या परतीच्या वेळेआधी तो मचाणावर जाऊन बसला. शिकार डोक्यातही नव्हती. रायफल खांद्याला होती ती नुसती सवयीनं. अंधार दाटला, धुकं शेतात उतरलं. त्यानं कपाटातून परत काढून आणलेली थर्मल डोळ्याला लावली आणि वाट बघत राहिला. कुठंतरी वाळलेला मका करकरत होता. प्रत्येक आवाजाला तो दुर्बीण तिकडे वळवत होता.

मग जंगलाच्या वळणावर ती दिसली. पांढरीशुभ्र, झपझप चालत येणारी वांदा. तीच चाल, खांदा थोडा डावीकडे झुकलेला. काठ्या दिसत नव्हत्या, पण गार धातू थर्मलमध्ये दिसतच नाही. झेनोनच्या डोळ्यांत पाणी आलं. उजळ दिसत होती ती. बरी दिसत होती.

तिच्या मागं, बरंच अंतर ठेवून, दुसरं काहीतरी येत होतं.

ते राखाडी होतं, आजूबाजूच्या झुडपांपेक्षा जेमतेम उजळ. दोन पायांवर होतं. थांबत होतं, वाकत होतं, परत चालत होतं. झेनोनचा हात रायफलच्या खटक्यावर गेला. चाळीस वर्षांत अंगात मुरलेला नियम आडवा आला: ओळख पटली नाही तर गोळी नाही. त्यानं हात काढून घेतला. पण काय ते आपण ओळखलंय, असंच त्याला मनातून वाटत होतं. पांढरं कुठलं आणि राखाडी कुठलं, हे तर त्याला नीट दिसत होतं.

तो शिडीवरून जवळजवळ घसरतच उतरला आणि वाटेकडे धावला. टॉर्चच्या उजेडात वांदाचं तोंड दिसलं, गाल लालबुंद, टोपी हातात. काठ्या कुठं आहेत असं त्यानं विचारलं. नकोत आता, म्हणाली, टाकून दिल्या. त्यानं तिचा दंड धरला आणि मागं वळून न बघता तिला घराकडे ओढत नेलं. आत आल्याबरोबर त्यानं कडी घातली, वरची आणि खालचीही.

६

वांदानं कोट काढला, मग शाल, मग त्याचा स्वेटर. चूल विझत आली होती तरी तिला लाकूड सारावंसं वाटलं नाही. तिनं त्याच्या गालाला हात लावला. कितीतरी दिवसांनी तो हात गरम होता. झेनोन तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. तिनं त्याला रडू दिलं.

मग तिनं बीटाचं सूप वाढलं, राय धान्याचा काळा पाव कापला, आणि दोघं समोरासमोर बसली. मावशी कशी आहे, असं त्यानं विचारलं. बरी आहे, म्हणाली. सूप अजून कढत होतं, वाफा निघत होत्या. झेनोन चमच्यावर फुंकर घालत होता. ती तसंच पीत होती.

दारावर टकटक झाली.

झेनोनच्या हातातला चमचा थांबला. पुन्हा टकटक झाली, अगदी हळू. मग आवाज आला. "झेनोन. कडी का घातलीस?"

आवाज वांदाचा होता, पण दमलेला, जीभ जड झाल्यासारखा. ते असंच बोलणार, झेनोननं स्वतःला बजावलं. इथवर माग काढत आलंय ते, मग आवाज काढता येणार नाही त्याला? त्यानं समोर बघितलं. समोरच्या वांदानं आपला ऊबदार हात त्याच्या हातावर ठेवला होता.

"उघडू नकोस," ती म्हणाली. "जेव तू."

तो जेवू लागला. खरोखर दोन घास त्यानं गिळले. दारावरची टकटक चालूच होती, पण ती आता मघापेक्षा खालून येत होती, कडीच्याही खालून. मग गुडघ्याएवढ्या उंचीवरून. मग ती थांबली, आणि लाकडावर काहीतरी घासत खाली गेल्याचा आवाज आला.

झेनोननं टेबलावरची थर्मल उचलली. का उचलली, हे त्याला सांगता आलं नसतं. कुणीतरी जखमी होऊन पडलं की बघायचं, एवढीच बहुधा सवय. त्यानं ती दाराकडे लावली; चित्राच्या कडेला समोरच्या वांदाचा खांदा पांढराशुभ्र आला. दार काळं होतं. दाराखालच्या फटीत मात्र चार बारीक राखाडी पट्टे होते. फटीतून मुळापर्यंत सारलेली बोटं. आत शिरायला धडपडणारी. त्यांतल्या एकावर एक काळी रेघ आडवी गेली होती, कारण सोनं गार असतं.

लग्नाची अंगठी.

त्यानं आपल्या हातावरच्या हाताकडे बघितलं. गुलाबी, गुळगुळीत हात. एकाही बोटात काही नव्हतं, आणि अंगठीचा वळही नव्हता.

७

त्यानं हात हिसकावून घेतला आणि दोन्ही कड्या काढल्या. वांदा उंबऱ्याशी मुटकुळं करून पडली होती. पापण्यांवर दव गोठलं होतं. त्यानं तिला ओढून आत घेतलं, मांडीवर घेतलं, तिच्या अंगावर स्वतःचा कोट टाकला. तिचं अंग थरथरतसुद्धा नव्हतं. तो तिला हाका मारत होता, तिचे तळवे चोळत होता, आणि तिच्या मानेशी कान लावून ऐकत होता. ठोका होता, पण पुढचा ठोका यायला फार वेळ लागत होता.

फोन करायला हवा होता. बोगुशला, डॉक्टरांना. फोन टेबलावर होता, आणि टेबलाकडे बघायची त्याची छाती होत नव्हती. पाठीला धग लागत होती, भट्टीकडे पाठ करून बसल्यासारखी. खुर्ची सरकल्याचा आवाज अजून झालेला नव्हता. म्हणजे ते बसलेलंच होतं. सूप पीत होतं की काय, कोण जाणे.

आपण मघाशी दोन घास खाल्ले, हे झेनोनला आठवलं आणि त्याला स्वतःची किळस आली. ती बाहेर गोठत होती आणि आपण पाव बुडवून खात होतो. वांदाच्या ओठांवर निळी झाक चढली होती. तिच्यातून जे गेलं होतं ते सगळं याच खोलीत होतं, त्याच्या पाठीमागं दोन पावलांवर, लाल गाल घेऊन बसलेलं.

"तिचं तिला दे," तो मागं न वळता म्हणाला. "तिचं देऊन टाक. तुला पाहिजेच असेल तर माझं घे. मी देतो. मी काही म्हणणार नाही."

खुर्ची सरकली. अनवाणी पावलं फरशीवरून आली आणि त्याच्या अगदी मागं थांबली. झेनोननं डोळे गच्च मिटून घेतले आणि वांदाला छातीशी धरलं. त्याच्या मानेवर कुणाचा तरी श्वास आला, मग दोन हात त्याच्या खांद्यांवरून पुढं आले, आणि ते तिघं तसेच राहिले. किती वेळ, कुणास ठाऊक. चूल विझून गेली होती. बाहेर कुत्रं एकदा भुंकलं आणि गप्प झालं.

मग वांदाच्या अंगातून एक शहारा गेला. तिचे दात वाजायला लागले. तिनं डोळे उघडले, आधी त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या खांद्यावरून पलीकडे, पण तिथं काही नसावं, कारण तिची नजर परत त्याच्या तोंडावर आली. तिच्या गालांवर रंग चढत होता. झेनोनला हसायचं होतं, पण ओठ हलत नव्हते.

वांदानं त्याचा तळवा आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि चोळू लागली.

"अरे झेनोन," ती म्हणाली, "तुझे हात किती गार पडलेत."